अश्मयुगीन हत्यारे आणि नकाशावरील कोरी जागा

रायगड जिल्ह्याचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभा राहतो तो १६७४ सालचा राज्याभिषेक. त्यामागे जायचे ठरविले तर चौलचे बंदर आठवते, कुड्याची बौद्ध लेणी आठवतात आणि तेथे आपली धाव संपते. भारतातील वाचता येणारे सर्वांत जुने लेख अशोकाच्या काळातील धरले, तर आपला लिखित इतिहास सुमारे तेवीसशे वर्षांचा भरतो. उलट मनुष्याने, अथवा त्याच्या पूर्वजाने, हेतुपूर्वक फोडलेला सर्वांत जुना दगड आज सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीचा मानला जातो. म्हणजे ज्याला आपण इतिहास म्हणतो तो या कालखंडाचा चौदाशेवा हिस्सासुद्धा नाही. उरलेल्या अफाट काळात माणूस जगला, फिरला, शिकला आणि त्याने आपल्या मुलाबाळांना शिकविले. त्या काळाचे लाकूड कुजले, कातडे नष्ट झाले, हाडेही बहुतेक ठिकाणी विरून गेली. टिकला तो दगड. म्हणून प्रागितिहासाचा अभ्यासक दगडाकडे वळतो. तो काही दगडाच्या प्रेमापोटी नव्हे. दुसरा साक्षीदार फारसा उरलेलाच नाही म्हणून.

प्रस्तुत लेखात या दगडी हत्यारांचे निरनिराळे संप्रदाय जगात कसे पसरले, त्यांत वैविध्य का आले, महाराष्ट्रात त्यांचा पुरावा कोठे मिळाला आणि आपल्या पेण-रोहा भागाला या विषयाशी काय कर्तव्य आहे, याचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

‘संस्कृती’ या शब्दाचा अर्थ

पुरातत्त्वज्ञ जेव्हा ‘अशूलियन संस्कृती’ किंवा ‘नेवासी संस्कृती’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात साहित्य-संगीताची संस्कृती नसते. एका विशिष्ट काळात, एका विशिष्ट प्रदेशात, विशिष्ट पद्धतीने घडविलेल्या हत्यारांचा समूह पुन्हा पुन्हा एकत्र सापडू लागला की त्याला तो एक नाव देतो. हे नाव बहुधा ज्या गावी तो समूह प्रथम ओळखला गेला त्या गावाचे असते. फ्रान्समधील आमियाँ शहराचे सेंट-अशूल हे उपनगर, त्यावरून अशूलियन. टांझानियातील ओल्डुवाई घळीवरून ओल्डोवान. पॅरिसजवळच्या लव्हॅल्वा या ठिकाणावरून एका विशिष्ट तंत्राला लव्हॅल्वा तंत्र म्हणतात. आणि आपल्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवाशावरून नेवासी.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हत्यारांचा संप्रदाय म्हणजे एखादी जमात नव्हे, एखादी भाषा नव्हे. हातकुऱ्हाडी घडविणारे सर्व लोक एकाच वंशाचे होते असे म्हणणे म्हणजे आज पाटा-वरवंटा वापरणारी सर्व घरे एकाच कुळातील आहेत असे म्हणण्यासारखे आहे. पद्धत शेजाऱ्याकडून शिकता येते, स्वतंत्रपणे सुचू शकते आणि विसरलीही जाऊ शकते. हा भेद ध्यानात न ठेवल्याने या शास्त्रात पूर्वी बरेच घोटाळे झाले. त्यांतील एक पुढे सांगणारच आहे.

दगड कसा फुटतो

हत्यारांचे वैविध्य समजावयाचे तर दगड कसा फुटतो हे आधी समजले पाहिजे. आपल्याकडचा पाथरवट हे पुस्तक न वाचताच जाणतो. सच्छिद्र, भुसभुशीत दगड घावाखाली चुरतो. पण कणांनी बारीक, एकजीव असा दगड घेऊन त्याच्या कडेवर नेमक्या कोनात घाव घातला तर त्याचा धारदार कपचा निघतो. या कपच्याला अभ्यासक छिलका म्हणतात आणि ज्या दगडातून तो निघाला त्याला गाभा. छिलक्याच्या आतल्या बाजूला, घाव बसला त्याच्या खाली, एक लहानसा फुगवटा दिसतो व त्यापासून शिंपल्यावरच्या रेषांसारख्या लहरी पसरलेल्या दिसतात. गाभ्यावर त्याच आकाराचा खळगा राहतो. काच फुटते तेव्हाही असेच होते.

नुसता एक कपचा निसर्गतःही निघू शकतो. नदीच्या पुरात गोटे एकमेकांवर आपटतात, उन्हाने खडक तडकतो. परंतु एकाच कडेवर, एकाच दिशेने, ओळीने पाच-सात खळगे असतील, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने छिलके काढून मध्ये धार साधलेली असेल आणि तसेच दगड त्याच थरात आणखी मिळत असतील, तर त्यामागे हात आहे, आणि हातामागे बेत आहे, असे मानावे लागते. प्रागितिहासाची सारी इमारत या साध्या भेदावर उभी आहे.

आफ्रिकेतून आशियाकडे

सर्वांत जुनी हत्यारे पूर्व आफ्रिकेत मिळाली आहेत. केनियातील लोमेक्वी येथील ओबडधोबड दगडी तुकडे ३३ लाख वर्षांपूर्वीचे असल्याचे २०१५ साली जाहीर झाले. त्यानंतरचा टप्पा ओल्डोवानचा. नदीतला गोटा घ्यावा, त्याचे दोन-चार छिलके उडवावे, झाले तोडहत्यार. आणि उडालेले छिलके मांस कापण्यास उपयोगी. इथिओपियातील गोना येथे असा सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीचा पुरावा आहे.

साधारण साडेसतरा लाख वर्षांपूर्वी याच भूभागात एक नवी गोष्ट दिसू लागते. ती म्हणजे हातकुऱ्हाड. बदामाच्या किंवा थेंबाच्या आकाराची, दोन्ही अंगांनी तासलेली, तळहातात मावणारी. हिच्या जोडीला फरशीसारखे सरळ रुंद धारेचे हत्यारही येते. ओल्डोवान गोट्याचा आकार मूळ गोट्यावर अवलंबून असे. हातकुऱ्हाडीचा आकार मात्र घडविणाऱ्याच्या डोक्यात आधी तयार असावा लागतो. दगडात नसलेला आकार दगडातून काढण्याची ही सुरुवात होय. हीच अशूलियन परंपरा. ती आफ्रिकाभर, पश्चिम आशियात, युरोपात आणि भारतात पसरली व दहा लाखांहून अधिक वर्षे टिकली. मनुष्याच्या कोणत्याही अन्य हत्याराला एवढे आयुष्य लाभलेले नाही.

भारतात या परंपरेची ओळख पटली ती रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञामुळे. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे त्याला पहिले हत्यार मिळाले आणि त्याच वर्षी विल्यम किंग याच्या सोबतीने अत्तिरमपक्कम हे स्थळ सापडले. तेथे शांती पप्पू व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे उत्खनन केले. तेथील अशूलियन थर दहा लाख वर्षांहून जुने, कदाचित पंधरा लाख वर्षांपर्यंतचे आहेत, असा त्यांचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. कर्नाटकातील हुणसगी खोऱ्यात के. पद्दय्या यांनी अभ्यासलेले इसामपूर हे स्थळही सुमारे बारा लाख वर्षांपूर्वीचे असावे असे मोजमापावरून दिसते. म्हणजे हातकुऱ्हाडीची कल्पना आफ्रिकेत उदयास आल्यानंतर भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने फार काळ न लोटता दक्षिण भारतात पोचली होती.

यातून एक मौज दिसते. अत्तिरमपक्कमचा दगड गारखडकाच्या जातीचा, ज्याला क्वार्टझाइट म्हणतात, इसामपूरचा चुनखडक, महाराष्ट्राचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट व डोलेराइट. तीन ठिकाणचे तीन दगड, तिघांचा स्वभाव निराळा. तरीही तिन्हींतून काढलेला आकार एकच. तेव्हा हा आकार दगडाने दिलेला नाही. तो एकाने दुसऱ्याला दाखविला असला पाहिजे. ज्या काळात भाषा कितपत होती हे सांगणे कठीण, त्या काळात शिकवणे आणि शिकणे मात्र निश्चित होते.

प्रवरा, कऱ्हा आणि कुकडी

महाराष्ट्रातील अश्मयुगाच्या अभ्यासाचा पाया डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी घातला. १९३९ साली ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधन संस्थेत दाखल झाले. नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या काठी मिळालेल्या हत्यारांवरील त्यांचे पुस्तक १९५२ साली प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी दख्खनच्या पठारावर अश्मयुगीन माणूस वावरला असेल याविषयी पुष्कळांना शंका होती. काळा कातळ हत्यारांना योग्य नाही असाही समज होता. गंगापूरने तो समज खोटा ठरविला.

पुढचे नाव नेवाशाचे. मराठी माणसाला नेवासे ठाऊक आहे ते शके १२१२ मध्ये तेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली म्हणून. त्याच प्रवरेच्या काठी १९५४ ते १९५६ या काळात सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले आणि एकाच गावाच्या परिसरात मध्ययुगापासून अश्मयुगापर्यंतची परंपरा उलगडून दाखविली. नेवाशाजवळच चिरकी येथे गुद्रुन कॉर्विनस या जर्मन संशोधिकेने १९६६ ते १९६९ या काळात उत्खनन केले. तेथे गोट्यांच्या थरावर हातकुऱ्हाडी, फरश्या, तोडहत्यारे व छिलके मोठ्या संख्येने मिळाले. याच कॉर्विनसबाई पुढे १९७० च्या दशकात इथिओपियात गेल्या आणि वर उल्लेखिलेल्या गोना परिसरातील जुन्या हत्यारांची प्रथम नोंद करणाऱ्यांत त्यांचा समावेश झाला. त्यानंतर त्यांनी नेपाळच्या खोऱ्यांतही हातकुऱ्हाडी शोधल्या. प्रवरेच्या काठी कमावलेली नजर आफ्रिकेत आणि हिमालयाच्या पायथ्याशी उपयोगी पडली, ही आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

पुणे जिल्ह्यातील दोन स्थळांचा उल्लेख आवश्यक आहे. अष्टविनायकांपैकी पहिला गणपती ज्या मोरगावी आहे, तेथे कऱ्हा नदीच्या जुन्या गाळात अशूलियन हत्यारे मिळाली. गाळातील लोहकण थर साचताना पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय दिशेनुसार मांडले जातात. मोरगावच्या थरात ही दिशा आजच्या उलट असल्याचे शीला मिश्र व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. पृथ्वीची चुंबकीय दिशा शेवटची पालटली ती सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. तेव्हा तो थर त्याहून जुना, असा हा तर्क आहे.

दुसरे स्थळ कुकडीकाठचे बोरी. तेथे हत्यारांच्या सान्निध्यात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. राखेचे वय काढता येते, म्हणून या स्थळाकडे साऱ्यांचे डोळे लागले. परंतु एका मोजणीत वय १४ लाख वर्षे आले, दुसरीत ६ लाख ७० हजार, आणि काहींच्या मते ही राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची आहे. एवढी तफावत पाहून शास्त्रावर हसू नये. राख एकदा पडते, पण पाऊस व नदी तिला पुन्हा पुन्हा उचलून दुसरीकडे टाकतात. जुन्या कणांत नवे आणि नव्यांत जुने मिसळतात. बोरीचा वाद म्हणजे थर वाचणे किती जिकिरीचे असते याचा उत्तम धडा आहे.

मोठ्याकडून लहानाकडे

अशूलियननंतरच्या काळात हत्यारे लहान होऊ लागली. नेवाशाला सांकलियांना हातकुऱ्हाडींच्या थराच्या वरच्या थरात निराळीच हत्यारे मिळाली. तासण्या, टोच्या, लहान टोके. आणि दगडही निराळा. आता काळा कातळ मागे पडून गारगोटी, जास्पर, चर्ट असे रंगीत, गुळगुळीत दगड पुढे आले. हीच नेवासी संस्कृती, म्हणजे मध्य पुराणाश्मयुग. हे दगड कोठून आले? आपलाच लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत खनिजे साचली आणि गारगोटी, अकीक तयार झाले. कातळ झिजला की त्या नदीत येऊन पडतात. लहान गारगोटीतून हातभर कुऱ्हाड निघत नाही, पण वस्तऱ्यासारखी धार निघते.

या काळात एक नवे तंत्रही दिसते. पूर्वी छिलका निघेल तसा घ्यावा, मग त्याला आकार द्यावा अशी रीत होती. आता गाभाच आधी असा घडवायचा की शेवटच्या एका घावासरशी हवा तो छिलका तयार होऊन बाहेर यावा. हे लव्हॅल्वा तंत्र. अत्तिरमपक्कम येथे या टप्प्याचा आरंभ सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी झाल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. हे तंत्र आफ्रिकेतून आले की येथेच स्वतंत्रपणे सुचले, यावर आजही अभ्यासकांत मतभेद आहेत. ते घडविणारा मानव कोणता, हेही हत्यारे सांगत नाहीत. नर्मदाकाठी हथनोरा येथे अरुण सोनकिया यांना डिसेंबर १९८२ मध्ये मिळालेली कवटी हा भारतातील या विषयाचा फार मोलाचा पुरावा, पण तो अपवादच होय. आपल्याकडे हत्यारे पोत्यांनी मिळतात, हाडे मात्र अगदी विरळा.

त्यानंतर उत्तर पुराणाश्मयुग आले. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात पाटणे येथे एस. ए. साळी यांनी १९७२-७३ साली उत्खनन केले. तेथे लांब अरुंद पात्यांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे व मणी मिळाले. त्यांपैकी एका तुकड्यावर रेषांची नक्षी कोरलेली आहे. त्याचे वय सुमारे २५ हजार वर्षे. खानदेशात शहामृग होता, म्हणजे तेथे मोकळे, कोरडे माळ होते. आणि त्या माळावर राहणाऱ्या माणसाला पोट भरल्यावरही काही करावेसे वाटत होते. मणी हे काही शिकारीचे हत्यार नव्हे.

शेवटी येतात सूक्ष्मास्त्रे. नखाएवढी त्रिकोणी, चंद्रकोरीच्या आकाराची पाती. एकेकटे हातात धरताही येणार नाही. ती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीने डिंकाने बसवीत आणि त्यांचा बाण किंवा विळा बनवीत. एक पाते मोडले तर तेवढेच बदलायचे. तांबे आल्यावरही ही कला संपली नाही. जोर्वे, दायमाबाद, इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या घरांत तांब्याच्या वस्तू थोड्या आणि गारगोटीची पाती अमाप आहेत. तांबे महाग व दुर्मीळ, गारगोटी नदीत फुकट. नवे आले की जुने लगेच टाकून देण्याची चैन सामान्य माणसाला कधीच परवडत नसते. आपल्या आजीच्या पिढीपर्यंत घरोघर जाते होते आणि चकमकीची गारगोटी तर आगपेटी येईपर्यंत होती, हे विसरू नये.

वैविध्य म्हणजे उच्चनीचता नव्हे

आता तो मघाचा घोटाळा. १९४० च्या दशकात हॅलम मोव्हियस या अमेरिकन विद्वानाने जगाच्या नकाशावर एक रेषा ओढली. तिच्या पश्चिमेस हातकुऱ्हाडींचा प्रदेश, पूर्वेस नुसत्या तोडहत्यारांचा. एवढ्यावर न थांबता पूर्व आशिया हा सांस्कृतिक दृष्ट्या मागासलेला, कुंठित प्रदेश होता असा निष्कर्ष त्याने काढला. ती रेषा भारताच्या उत्तर-पूर्व भागातून जात होती. पंजाबातील सोहन नदीकाठची तोडहत्यारे व दक्षिणेतील हातकुऱ्हाडी असे दोन संप्रदाय त्यापूर्वी डी टेरा व पॅटरसन यांनी १९३५ सालच्या मोहिमेनंतर मांडले होतेच. त्याला या रेषेने आणखी बळ दिले.

पुढे काय झाले? १९७८ साली दक्षिण कोरियात हातकुऱ्हाडी मिळाल्या. चीनमधील बोसे खोऱ्यात सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीची तशी हत्यारे असल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले. सोहनच्या ज्या नदीपायऱ्यांवर सारी कालगणना बसविली होती, त्याच पायऱ्या फेरतपासणीत संशयास्पद ठरल्या. पूर्वेकडे हातकुऱ्हाडी आजही कमीच आहेत, हे खरे. पण त्याची कारणे दगडाच्या उपलब्धतेत, बांबूसारख्या नाशवंत साधनांच्या वापरात, लोकसंख्येच्या विरळपणात शोधावी लागतात. बुद्धीच्या उणेपणात नव्हे. हत्यार साधे आहे म्हणून हत्यार धरणारा मंद होता असे म्हणता येत नाही. हा न्याय अश्मयुगापुरता नाही. आजही आपण माणसाच्या हातातले अवजार पाहून त्याची योग्यता ठरवितो. तेव्हा या चुकलेल्या रेषेची आठवण ठेवणे बरे.

कोकणची कोरी जागा

मोव्हियसच्या रेषेवरून आपण दुसरा एक धडा घेऊ शकतो. नकाशावर ठिपका नाही याचा अर्थ तेथे माणूस नव्हता असा होत नाही. तेथे पुरावा टिकला नसेल किंवा तेथे कोणी पाहिलेच नसेल. महाराष्ट्राच्या अश्मयुगीन नकाशात घाटावर ठिपक्यांची दाटी आहे आणि सह्याद्रीच्या पश्चिमेस ते अगदी तुरळक आहेत. त्याला कारणे आहेत.

पहिले कारण नद्यांचे. प्रवरा, गोदावरी या संथ नद्यांनी लाखो वर्षांचे गाळाचे थर काठांवर राखून ठेवले. आपल्या अंबा, कुंडलिका आखूड आणि उतरत्या. पावसाळ्यातील लोंढ्याने त्या जुने थर खाडीत नेऊन टाकतात. दुसरे कारण पावसाचे. एवढ्या पावसात खडक कुजतो, माती आम्ल बनते व हाडे टिकत नाहीत. तिसरे कारण समुद्राचे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबई-अलिबागसमोरचा उथळ समुद्र तेव्हा कोरडी जमीन होता. त्या काळच्या किनाऱ्यावर जे राहिले असतील त्यांच्या खुणा आज पाण्याखाली आहेत. चौथे कारण आपले स्वतःचे: या जिल्ह्यात येणाऱ्या अभ्यासकाचे लक्ष किल्ले, लेणी व बंदरे यांनी वेधून घेतले, आणि ते साहजिकही आहे.

तरीही जेथे कोणी नेट धरून पाहिले तेथे पुरावा मिळाला. के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याने मुंबईच्या कांदिवली भागात थरांमध्ये पुराणाश्मयुगीन हत्यारे शोधून १९३९ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. किनाऱ्यालगतच्या सूक्ष्मास्त्रांवरील त्याचा दुसरा निबंध १९५० सालचा. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात सुसरोंडी येथील गुहेत अशूलियन परंपरेची हत्यारे मिळाल्याचे डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी या शतकाच्या आरंभी दाखविले. कणकवली तालुक्यातील कोळोशीच्या गुहेत राज्य पुरातत्त्व विभागाच्या उत्खननात अश्मयुगीन हत्यारे मिळाली. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरील कातळशिल्पे तर सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या स्थानिक मंडळींच्या पायपिटीतून उजेडात आली आणि २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्यांचा समावेश झाला. ज्या सड्यांवरून गावकरी पिढ्यान्‌पिढ्या गुरे नेत होते, तेथेच ती होती.

मात्र कांदिवलीचे पुढे काय झाले तेही पाहावे. टॉडने ज्या परिसरात थर वाचले तो आज इमारतींनी भरलेला आहे. तेथे जाऊन त्याचे निष्कर्ष नव्या पद्धतीने तपासावे म्हटले तर उघडी जमीनच उरलेली नाही. कांदिवलीविषयी जे त्या वेळी लिहिले गेले, वस्तुसंग्रहात राहिले, तेवढेच आपल्या हाती आहे.

कासूपुढचा प्रश्न

पेण व नागोठणे यांच्या दरम्यान कासू हे गाव आहे. पनवेल-रोहा लोहमार्गावरचे ते एक स्थानक, आणि मुंबई-गोवा महामार्गही तेथूनच जातो. पूर्वेस डोंगर, पश्चिमेस शेते, त्यापलीकडे खारजमिनी आणि धरमतरची खाडी. डोंगराच्या पायथ्याशी दगड भरपूर, ओढ्यांना पाणी, जवळ खाडीतले मासे व शिंपले: आदिमानवाच्या दृष्टीने यात कमी काय आहे? घाटावरच्या प्रवरेला हे तिन्ही एके जागी नाही. म्हणून पेण ते रोहा या पट्ट्यातील डोंगरपायथे, ओढ्यांचे जुने काठ आणि खाडीलगतच्या उंचवट्याच्या जागा पद्धतशीर पाहण्याजोग्या आहेत, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

पण वेळ थोडा आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली. त्यासाठी भराव लागतो, खडी लागते. डोंगर पोखरले जातात, मुरूम उचलला जातो. कारखाने व वसाहती यांसाठी जमिनी सपाट होतात. रस्ता नको असे कोणी म्हणणार नाही. खड्ड्यांतून प्रवास करून आपण सारे कंटाळलो आहोत. परंतु उत्खननकार जो थर ब्रशने उलगडतो तो यंत्राच्या एका फावड्यासरशी नाहीसा होतो, आणि तो परत रचता येत नाही. गंमत अशी की खोदकामामुळेच जमिनीचा उभा छेद उघडा पडतो आणि काही दिवस थर डोळ्यांना दिसतात. तेवढ्या दिवसांत कोणी पाहिले तर लाभ, न पाहिले तर कायमचे गेले.

आपण विद्यार्थ्यांनी काय करावे? उत्खनन करू नये, हे पहिले. ते शासनाच्या परवानगीने, जाणकारांनी करावयाचे काम आहे. पाहणे मात्र कोणालाही मोकळे आहे. विहीर खणताना, ओढ्याचा काठ ढासळल्यावर, रस्त्याच्या कापात, कोणता थर कोणत्याखाली आहे हे पाहून ठेवावे. एकाच ओळीत छिलके काढलेला दगड दिसला तर तो उचलून दप्तरात टाकू नये. जागेवर असताना छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी किंवा पेन ठेवावे, गाव, ओढा, खोली व तारीख लिहावी आणि मग राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवावे. थरातून सुटलेला दगड ही नुसती वस्तू उरते; थरातला दगड हा पुरावा असतो.

आणि एक इशारा. महामार्गालगत क्रशरची खडी सर्वत्र पडलेली असते. यंत्राने फोडलेल्या खडीवरही तो फुगवटा दिसतो व हौशी माणूस फसतो. मात्र नव्या खडीचा भंग काळा, ताजा व करकरीत असतो. हजारो वर्षे उघड्यावर राहिलेल्या कातळाच्या हत्यारावर तपकिरी-पिवळसर सायीसारखे कवच चढलेले असते आणि धार बोथटलेली असते. एका दगडावरून कधीच निर्णय करू नये.

महाविद्यालयाच्या इतिहास व भूगोल विभागांनी मिळून दर पावसाळ्यानंतर एका ओढ्याची पाहणी करावी आणि तिची वही ग्रंथालयात ठेवावी, एवढी सूचना करून हा लेख पुरा करतो. त्या वहीत पाच वर्षे ‘काही मिळाले नाही’ असे लिहावे लागले तरी चालेल. कोठे पाहिले आणि काय मिळाले नाही, हेही ज्ञानच आहे. आज तेवढेही आपल्यापाशी लिहिलेले नाही.